वाजणारी डाय

धम्मानंद गजभिये यांच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी तर कायम हरलो. इथे परदेशात, सेंगकांगला ते आमच्याच ब्लॉकमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे नागपूरचे, जुरोंगच्या एका कारखान्यात टूलरूमचे प्रमुख. पत्रा दाबून त्याचे सुटे भाग काढायचे पोलादी साचे, म्हणजे डाय, बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मी पुण्याचा, पाया लेबारला विम्याच्या कचेरीत. माझ्या नोकरीचा विषय निघाला की ते म्हणायचे, तुम्ही लोक अपघात झाल्यावर येता, आम्ही तो होऊच देत नाही. हे वाक्य मला तेव्हाही आवडायचं नाही.

त्यांची मुलगी एकता पॉलिटेक्निकला होती आणि पिस्तूल फार सुंदर चालवायची. आमच्या क्लबात ज्या स्पर्धा होत, त्यात धावत, वळत, आडोशाआडून लोखंडी पाट्या पाडाव्या लागत आणि घड्याळ चालू असे. मीही त्याच क्लबाचा सभासद. माझा नंबर खालून मोजावा लागे, म्हणून मी गजभियांच्या शेजारी उभा राहून एकताचं कौतुक करायचं काम घेतलं होतं.

२००५ साली ती संघातून बँकॉकला गेली आणि रडत परत आली. तिची काडतुसं ऐन वेळी नळीत अडकली होती. पुंगळीत गोळी तिरकी बसली की असं होतं. वापरलेल्या पुंगळ्यांत नवी दारू आणि गोळी बसवून ती काडतुसं क्लबाच्या प्रेसवर भरलेली होती. गजभियांनी एक काडतूस बोटांत फिरवून बघितलं आणि एवढंच म्हणाले की पुढच्या वर्षी माझ्या पोरीची काडतुसं मी भरणार. पुढच्या वर्षी पुन्हा संघ निवडला जाणार होता आणि त्यात एकताची जागा हाच त्या घरातला एकमेव विषय झाला.

त्यांच्या पत्नी प्रेमलावहिनींना हे पसंत नव्हतं. सकाळी पंचशील म्हणायचं आणि शनिवारी काडतुसं भरायची, हे कसं काय, असं त्यांनी माझ्यासमोर विचारलं होतं. गजभिये म्हणाले, पाटीला जीव नसतो. वहिनी कणीक मळायला आत गेल्या.

इथे साधी रिकामी पुंगळीही घरी आणायची सोय नाही. सगळं काम क्लबाच्या कुलूपबंद खोलीत, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. तिथल्या प्रेसच्या डोक्यावर पाच डाय बसायच्या. दांडा ओढला की खालची चकती फिरे आणि प्रत्येक पुंगळी एक घर पुढे सरके. एक डाय जुन्या पुंगळीला मापात आणायची, दुसरी दारू टाकताटाकताच तिचं तोंड जरा उघडायची, चौथी गोळी बसवायची, पाचवी तोंड आवळायची. मधली तिसरी डाय काहीच करत नसे. तिची कांडी पुंगळीत उतरून दारूची पातळी बघे आणि कमीजास्त वाटली तर वाजे.

गजभियांच्या डोक्यात ही तिसरी डाय बसली. त्यांचं म्हणणं, तोंड उघडायचं काम दारूवाल्या डायवर ढकललं म्हणून गोळ्या तिरक्या बसतात. त्याला वेगळी डाय हवी. कॅटलॉग चाळून, आठवडाभर मापं ताडून त्यांनी ती निवडली आणि परदेशातून मागवली. पण घरं पाचच. कुणाला तरी उठवणं भाग होतं.

त्यात ती वाजणारी डाय खोटं वाजायची हेही खरं. क्लबाच्या पुंगळ्या भेसळीच्या, नाना कंपन्यांच्या. कुणाची भिंत जाड, कुणाची पातळ, त्यामुळे दारू तेवढीच असून पातळी वरखाली दिसे. डाय वाजली की गजभिये हात थांबवत, पुंगळी काढून दारू तोलत. वजन बरोबर भरे. ते चिडत. त्यांच्या टूलरूममध्ये यंत्र विनाकारण थांबणं म्हणजे पाप. मी म्हटलं, पुंगळ्या आधी निवडून वेगळ्या करा की, मग वाजणार नाही. त्यांनी माझ्याकडे विमेवाल्याकडे बघावं तसं बघितलं.

"जे उत्पादन करत नाही ते प्रेसवर कशाला?" ते म्हणाले. "डोळे आहेत ना माझ्यापाशी."

त्यांनी ती वाजणारी डाय काढून तिच्या घरात नवी बसवली, वर दिवा लावला आणि गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावायचा नेम केला. काडतुसं अशी देखणी निघायला लागली की बाकीचे सभासद ती हातात घेऊन बघत. एकताची गाडी सुसाट सुटली. तिचं पिस्तूल अडेनासं झालं. गजभिये गर्दीत उभे राहून पाट्या पडताना बघत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे त्याचा मला हेवा वाटायचा. मला मूलबाळ नाही.

निवड चाचणीच्या दिवशी मी तिथेच होतो. एकता दुसऱ्या आडोशापाशी पोचली आणि एक बार नुसता फुसकन झाला. त्या पुंगळीत दारूच नव्हती. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, नुसत्या तिच्या जोरावर गोळी नळीत शिरली आणि तिथेच बसली. कानांवर झापडं, शेजारच्या रेंजवर गोळीबार चाललेला, तिला फरक कळला नाही. पिस्तूल उडालं नाही तर त्याची वरची सरकपट्टी ओढायची आणि पुढची झाडायची, थांबायचं नाही, हे सगळ्यांच्या हातात मुरवलेलं असतं. अधिकाऱ्याने ओरडायला तोंड उघडलं, तोवर तिने पट्टी ओढून चाप दाबला होता.

नळी आधीच्या गोळीने तुंबलेली, पिस्तूल तिच्या मुठीत फुटलं. चष्म्यामुळे डोळे वाचले. उजव्या तळव्याचं जे झालं ते मी इथे लिहिणार नाही. गजभिये धावत गेले आणि स्वतःचा शर्ट काढून तिच्या हाताला गुंडाळला. इस्पितळात ते तसेच बनियनवर बसून होते, आणि तिथल्या गारठ्यात कुणी पांघरूण दिलं तेही त्यांना समजलं नाही.

क्लबाची चौकशी बसली. अध्यक्ष भला माणूस. त्याने दोनदा सुचवलं की विकतच्या टोप्यांत दोष असू शकतो. मला चीड आली ती गजभियांची, कारण समोर ठेवलेली पळवाट ते घेईनात. त्यांनी स्वच्छ सांगितलं की टोपी उडाली होती, दारू नव्हती आणि ती बघणारी डाय मी काढली होती. मग विचारून, परवानगी घेऊन, त्यांनी सगळ्यांसमोर ती डाय परत बसवली आणि एक रिकामी पुंगळी तिच्याखाली सरकवली. ती वाजली. गजभियांनी दांडा वर केला आणि आपलं सभासदत्वाचं कार्ड टेबलावर ठेवलं.

शस्त्रक्रिया झाल्या. अंगठा वाचला, पण तर्जनी वळत नाही आणि मूठ मिटत नाही. संघ तिच्याशिवाय गेला. वहिनी 'मी सांगत होते' असं चुकूनही म्हणाल्या नाहीत. तसं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला गजभियांकडे बघून वाटे. ते रोज मुलीच्या ताटातली पोळी कुस्करून द्यायचे आणि ती डाव्या हाताने चमचा धरून खायची. बापाला तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं.

विचारलं ते एका रविवारी, मी चहाला बसलो असताना. टीव्ही चालू होता. तिने तो बंद केला.

"पप्पा, ती वाजणारी डाय का काढली?"

गजभियांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "खोटं वाजायची, बेटा. दर वेळी खोटं."

एकताला राग आला होता असं मला वाटत नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"पण खोटं वाजली तरी तुम्ही थांबून बघायचात ना?"

माझ्याशी एकही वाद न हरलेला तो माणूस, मुलीचा न मिटणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसला, आणि आतून वहिनींनी जेवायला हाक मारली तरी त्याने तो सोडला नाही.