तिसरा पुकारा

कोर्टातले किस्से जमवावे लागत नाहीत, कपाटावर धूळ जमते तसे ते आपोआप जमतात. ज्याला नवं काही सुचत नाही आणि दुसऱ्याला सुचलेलं खपत नाही, त्यानं सरळ कोर्टात नोकरी धरावी. विलीनीकरणानंतर मी आमच्या तालुक्याच्या मुन्सिफ कोर्टात कारकून म्हणून चिकटलो आणि तिथं मला पुंजामामा भेटले.

मामा पुकारे करणारे चपराशी. खटल्याची पेशी निघाली की दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं, एवढंच काम. तिसऱ्या पुकाऱ्याला वादी आला नाही तर दावा खारीज!

*

निजाम गेला, कोर्टात मराठी आली. मुन्सिफसाहेब म्हणाले, "आता 'हाजिर है?' नको, 'हजर आहे का?' म्हणा."

दुसऱ्या दिवसापासून मामा आधी उर्दूत तीनदा पुकारायचे, मग मराठीत तीनदा. विचारलं तर म्हणाले, "जुना हुकूम रद्द झाल्याचा कागद कुठं आलाय?"

*

पंख्याची दोरी ओढणारा गडीही मामांच्याच तालमीतला! उन्हाळ्यात ओढायचा हुकूम झाला, थांबवायचा कुणी केलाच नाही. ऐन पौषात साहेब मफलर गुंडाळून निकाल देत होते आणि डोक्यावर पंखा हालत होता.

*

एकदा चारठाण्याच्या एका म्हाताऱ्याची पेशी होती. पोरगा येऊन म्हणाला, "मामा, बाप वारला वो."

"वारला तरी पुकारा करावाच लागतोय," म्हणत मामांनी छाती भरून आवाज दिला. उर्दूतले तीन झाले. मराठीतला पहिला सुरू होताच पोरानं हात जोडले, "बास करा मामा, खरंच येईल त्यो!"

*

मामांचा आणखी एक कायदा होता. पुकारा झाल्याशिवाय आत कुणी बोलायचं नाही. एकदा साहेबांचे सासरे थेट आत येऊन म्हणाले, "जावईबापू, जेवायला चला."

"खामोश! तुमचं नाव पुकारलंय का?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "मामा, पुकारा त्यांना." पुकारे झाले, मग जावई-सासरे जेवायला गेले.

*

आणि एक दिवस खुद्द मामांचीच पेशी निघाली. वालूरला त्यांचं विहिरीकाठचं वावर होतं, ते चुलतभावानं, मारोतीनं दाबलेलं, म्हणून मामांनी दावा लावलेला. मामांचं सगळं घर त्याच वावरावर जगायचं. मी परोपरीनं विनवलं, "मामा, आज रजा घ्या."

"मग पुकारा कोण करील?"

मामा दारात उभे राहिले. "पुंजाराम वल्द राघोजी, हाजिर है?" असं तीनदा, मग मराठीत तीनदा. दर खेपेला व्हरांडाभर नजर टाकून पाहिलं. मग आत येऊन सलाम ठोकला, "साहेब, वादी हाजर न्हाई."

"अहो, तुम्हीच ना ते?"

"मी ड्युटीवर हाय, साहेब."

साहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. वावर चाललं होतं!

मारोती मागं बसलेला. नुसता गप्प राहिला असता तरी जिंकला असता. पण त्यालाच राहवेना. ताडकन उठून ओरडला, "हाय की वो साहेब! ह्यो काय समोर उभा हाय!"

मामा गर्रकन वळले.

"खामोश! तुझं नाव पुकारलंय का अजून?"