फाटकाशी बंद होणारी स्कूटर

संध्याकाळी खाडीला ओहोटी लागली की सीवूड्सच्या आमच्या नव्या, अर्ध्या रिकाम्या सोसायटीत चिखलाचा खारट वास भरून राहायचा, आणि त्या वासातूनच पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून परतणाऱ्या ह्यांच्या स्कूटरचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून यायचा. तो फाटकातून आत येऊन जिन्याखाली ऐकू आला रे आला, की आमची सहा वर्षांची मुक्ता हातातलं टाकून दार उघडायला धावायची.

एका पावसाळ्यात ह्यांच्या कंपनीत शिबिर झालं. तिथे शिकलेलं ह्यांनी घरी येऊन सांगितलं; माणसांचे म्हणे चार स्वभाव असतात. मी बडबडी, रडकी, वर भांडकुदळ, त्यामुळे माझा निकाल लगेच लागला. "आणि बाबा?" मुक्तानं विचारलं. हे नुसते हसले. "बाबा गुपचूपवाले," तिनंच ठरवून टाकलं.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस तापाचं निमित्त झालं आणि मुक्ता गेली. येईल त्याच्या गळ्यात पडून मी आक्रोश केला. तिचं नाव घेतल्याशिवाय मला घास उतरत नव्हता. ह्यांनी ते नाव एकदाही उच्चारलं नाही. दिवसकार्य उरकताच कामावर गेले, परतल्यावर खाली मान घालून जेवले. हा माणूस आहे की धोंडा, या संतापानं मी आतून धुमसत होते. शेवटी बॅग भरली. साताऱ्याला माहेरी कायमची चालले, हे तोंडावर सांगायचं म्हणून गॅलरीत वाट बघत उभी राहिले.

शरदाचं मवाळ, पिवळं ऊन रस्त्यावर उतरलं होतं. फाटकाशी स्कूटर आली आणि ह्यांनी ती तिथेच बंद केली. एवढं जड धूड ह्यांनी हातांनी ढकलत जिन्यापर्यंत आणलं, अलगद स्टँडवर लावलं, आणि स्कूटरवर पुढे, फिरायला नेताना जिथे मुक्ता उभी राहायची, तिथे हात टेकून उगाचच थांबले. मुक्ता गेल्यापासून जिन्याखालचा तो आवाज मी ऐकलाच नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझ्या कानांवर पडू नये म्हणून की त्या आवाजाला कुणी धावत येणार नाही म्हणून, कोण जाणे.

वर आल्यावर ह्यांना बॅग दिसली. "किती वाजताची गाडी? वाशीपर्यंत सोडतो तुला," एवढंच म्हणाले. मी चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला मी दार सताड उघडं ठेवू लागले. स्कूटर मात्र फाटकाशीच बंद होत राहिली.