निघण्याचा पुरावा

आमच्या साडूंइतका कुठूनच निघू न शकणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कुणाच्या घरून "बरं, निघतो" म्हणून ते उठतात, चपला घालतात आणि मग दारात उभं राहून जे बोलायला लागतात, ते त्या घरचा रात्रीचा कुकर लागेपर्यंत. एकदा आमच्याकडे सकाळच्या चहाला आले आणि जाताना जिन्यात शेजारी भेटले म्हणून शेजाऱ्यांकडेच जेवून गेले. लग्नकार्यात मांडववाल्यांना शेवटची खुर्ची यांच्याखालून ओढून घ्यावी लागते. तरुणपणी नोकरीसाठी कॅनडात गेले आणि तिथले नागरिक होऊन बसले, त्यामागेही काही थोर हेतू नसावा. तिथूनही वेळेवर निघणं जमलं नसेल, एवढंच. पुढे महिनाभराच्या सुट्टीवर नाशिकला आले, माझ्या मेहुणीशी लग्न केलं, गंगापूर रोडला आमच्या शेजारच्याच इमारतीत फ्लॅट घेतला आणि एका कॉलेजात शिकवायला लागले. ती सुट्टी अजून चालूच होती.

अशा माणसावर, आपण निघणार आहोत हे सरकारला सिद्ध करून दाखवायची वेळ आली. माझी मेहुणी फिजिओथेरपिस्ट. कॅनडात जाऊन काम करायची तिची फार वर्षांची इच्छा. नवरा तिथला नागरिक असल्यामुळे बायकोसाठी अर्ज त्यानेच करायचा. पण नवरा भारतात राहत असेल, तर बायकोला परवानगी मिळाल्यावर तोही तिकडे राहायला येणार आहे, याचे पुरावे द्यावे लागतात. ते पटले नाहीत तर अर्ज फेटाळला जातो. हे कळल्याबरोबर साडूंनी बाह्या सरसावल्या.

सगळ्यात आधी स्कूटर विकली, ती मलाच. पावती केली, किल्ली देतानाचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवसापासून भाजी आणायला तीच स्कूटर मागायला यायला लागले. वर "भाऊ, पेट्रोल मीच टाकतो हां," असा उपकार. मग सोफा गेला, कपाट गेलं, घरात नुसती सतरंजी उरली. सामान हलवणाऱ्यांचा माणूस खर्चाचा अंदाज द्यायला आला, तर त्याला मिसळ खायला घेऊन गेले आणि परदेशात मटकीला मोड आणताना काय हाल होतात ते इतकं रंगवून सांगितलं, की तो बिचारा म्हणाला, "साहेब, मग जाताच कशाला?" कॉलेजात राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं, प्राचार्यांचे डोळे पाणावले आणि सोमवारी साडू स्टाफरूममध्ये चहाला हजर! नामपूरला त्यांचे मामा कांद्याचे व्यापारी. भाचा जाणार असल्याचं पत्र त्यांच्याकडून हवं होतं. मामांनी चष्मा वर करून विचारलं, "मी लिखी देस, पन तू खरंच जाशी का?" साडू खो खो हसले आणि मुक्कामालाच राहिले.

हाच प्रश्न माझ्या मेहुणीने विचारला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. ऑक्टोबरातला रविवार होता, आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सतरंजीवर पंगत मांडलेली. आमटी वाढता वाढता ती थांबली.

"सरकारला दाखवायला ढीगभर झालं रे. आता मला सांग. तू येणार आहेस, का मला तिकडे पोचवून परत सुट्टीवर येणार आहेस?"

साडूंनी ताट बाजूला सारलं. एरवी त्यांची टिंगल करायला मी सगळ्यात पुढे, पण त्या दिवशी मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

साडू हात धुऊन गच्चीवर गेले. मीही मागोमाग गेलो. गच्चीवर एका पिंपात त्यांनी द्राक्षाचा वेल लावलेला आहे, पाइपांच्या मांडवावर चढवलेला. ऑक्टोबर म्हणजे छाटणीचे दिवस. तेव्हा चुकलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं नाहीत. त्या छाटणीला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मी एकदा वाळकं पान खुडलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी कात्री माझ्या हातात दिली.

"भाऊ, या खेपेला तुम्ही छाटा. मी नुसतं सांगतो. नीट बघून ठेवा. पुढच्या वर्षी सांगायला मी इथे नाहीये."

मी घाबरत घाबरत कापत गेलो. एक चांगली काडी भलत्याच ठिकाणी कापली. साडूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मागे वळलो तर मेहुणी जिन्याच्या दारात उभी. पदर खोचून पुढे आली आणि पडलेल्या काड्या गोळा करायला लागली. खाली आल्यावर माझ्या बायकोला एवढंच म्हणाली, "ताई, हा येतोय."

परवानगी पुढच्या पावसाळ्यात आली आणि दोघं गेली. मेहुणी हॉस्पिटलात रुजू झाली, फोनवर तिचा आवाज दहा वर्षांनी लहान वाटतो. साडूंना तिथेही गप्पांना माणसं मिळाली आहेत. मी ऑक्टोबरात एकट्याने छाटणी केली आणि फेब्रुवारीअखेर वेल लगडला. परवा फोन घेऊन गच्चीवर गेलो आणि त्यांना एकेक घड दाखवला. त्यांच्या मागच्या खिडकीत सगळं पांढरं होतं.

"अजून आंबट असतील ना हो, भाऊ?"

"आंबटच आहेत," मी म्हटलं. खरं म्हणजे सकाळीच एक तोडून खाल्लं होतं. साखरेसारखं गोड होतं.