घोरण्यावरचं पुस्तक

छत्र्यांची दुरुस्ती, कबुतरांचे आजार, मिशांची निगा, असली जुनी चमत्कारिक पुस्तकं सासूबाई रद्दीतून हुडकून आणत आणि दुकानात दर्शनी फळीवर मानाने मांडत. सून नाक मुरडायची.

"हे कोण घेणार, आई?"

"ज्याचं असतं तो येतो," सासूबाई ठासून सांगत. आणि कोणीतरी यायचंच.

एकदा दुकान आवरताना सुनेने घोरण्यावरच्या उपायांचं पुस्तक गुपचूप पिशवीत सरकवलं. सासूबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"ने खुशाल. तुझ्या लग्नापासून तुझ्यासाठीच राखून ठेवलंय. खाण तशी माती. आतल्या पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत. तुझ्या सासऱ्यांवर एकही उपाय चालला नाही, पण वाचता वाचता माझ्या रात्री मजेत गेल्या."