दिवस ठरवायचा मान

नवरात्रात मासे धरायचे पण खायचे नाहीत, हा शोध आमच्या बिल्डिंगमधल्या पुरुषांचा.

आम्ही तेव्हा मस्कतला वादी कबीरमध्ये राहायचो. ओमानमध्ये ऑगस्टच्या मध्यापासून सुरमई धरायला बंदी असते, ती ऑक्टोबरच्या मध्याला उठते. बंदी उठली की पहिल्या शुक्रवारी आमचे हे आणि त्यांचे तीन मित्र भाड्याची बोट करून गळानं मासे गरवायला जायचे. सगळे रत्नागिरी-रायगडकडचे, त्यामुळे समुद्र म्हटला की ह्यांच्या अंगात यायचं. त्या वर्षी बंदी उठली नेमकी नवरात्रात. मला वाटलं, चला, ह्या वर्षी तरी थांबतील. कसले थांबतात!

"धरायला काय हरकत आहे? खाऊ दसऱ्यानंतर," हे म्हणाले.

"आणि तोवर ठेवणार कुठे? घरात घट बसलेत!"

"भाभींच्या फ्रीजरमध्ये."

भाभी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची, श्रीवर्धनकडची कोकणी मुसलमान, तिच्याकडे कुठले घट. तिचे मिस्टर ह्या चौकडीतले एक. तिचा फ्रीजर, आणि तिलाच कुणी विचारलेलं नाही. पुण्य ह्यांचं, वास तिच्या घरात.

माझं म्हणणं सरळ होतं. पहिल्या शुक्रवारी जाऊच नका. दोन महिने उपाशी बसल्यासारखं अख्खं मस्कत त्या दिवशी समुद्रावर येतं. साहेब लोकांच्या पांढऱ्या स्पीडबोटी, कोळ्यांच्या होड्या, पार शहराच्या दुसऱ्या टोकाचे हौशे-नवशे. एवढ्या इंजिनांची घरघर ऐकून मासा काय तुमच्या स्वागताला वर येणार आहे? आठ-दहा दिवस जाऊ द्यात. लोकांची हौस फिटू दे. मग आठवड्याच्या मधल्या वारी एक दिवस रजा काढा आणि जा.

हे मी चहा देता देता बोलले. एक मित्र म्हणाला, "वहिनी, साखर जरा कमी झालीय." बाकीचे हसले.

माझे वडील रत्नागिरीला मासेमारी करायचे. दोन्ही भाऊ मिसरूड फुटायच्या आधी होडीत गेले. मला मात्र वाळूवर उभं करायचे. बाईमाणूस होडीत चढलं की मासा फिरतो म्हणे! मासे निवडायला बाई चालते, विकायला चालते, भर बाजारात भांडायला चालते. तेव्हा नाही फिरत मासा. जन्मात एकदा स्वतःच्या हातानं सुरमई ओढायची, एवढी एकच हौस मी लहानपणापासून बाळगून होते. आणि ह्यांच्या बोटीत जागा आहे का विचारलं की उत्तर ठरलेलं, "चौघांचीच बोट आहे."

ह्या चौघांचा एक नियमही होता. ज्याला ह्या हंगामात सगळ्यात मोठी सुरमई लागेल, त्यानं पुढच्या हंगामाचा दिवस ठरवायचा. मोठा मान असल्यासारखे त्यावरून वर्षभर मिशीला पीळ द्यायचे. ठरवायचे काय, तर पुन्हा पहिला शुक्रवारच! मला तो मान हवा होता. चहाच्या कपाशी उभं राहून सल्ला देण्याचा मला वीट आला होता.

त्या शुक्रवारी ते गेले आणि दुपारी तोंडं पाडून परत आले. दोन बोटींचे दोर एकमेकांत गुंतले, कुणाशी तरी शिवीगाळ झाली, आणि मिळाले काय, तर चार कुपा मासे आणि हातभर लांबीची एक सुरमई. तीसुद्धा भाभीच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली गेली.

दसरा झाला. त्यानंतरच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी हे रुसैलला फॅक्टरीत गेले, मुलं स्कूलबसमध्ये बसली, आणि मी भाभीच्या दारावर थाप मारली.

"चल."

"कुठं?"

"तू चल तर."

"तुम्हाला काय, घरीच असता," असं आम्हाला येताजाता ऐकवलं जायचं ना? मग घरी असणाऱ्यांकडे मंगळवार असतो. तो ह्या चौघांकडे नव्हता.

मी गाडी काढली आणि आम्ही कंतबच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे पर्यटकांना फिरवणारा एक म्हातारा ओमानी बोटवाला होता. आम्हा दोघींना बघून तो तोडक्या हिंदीत म्हणाला, "डॉल्फिन देखना?"

"डॉल्फिन नाही. कनद," मी म्हटलं. कनद म्हणजे सुरमई.

तो हसला, पण चांगलं हसला. होडीतून त्याचा स्वतःचा जाडा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, आणि गळ काढला आणि म्हणाला, "यल्ला, चलो."

समुद्रावर चिटपाखरू नव्हतं. बोट हळूहळू चालली होती, मागे दोर सोडलेला, त्याला आमिष म्हणून तारली लावलेली. बराच वेळ काहीच नाही. भाभीला मळमळायला लागलं. ऊन तापलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. आपण उगाच शहाणपणा केला का? रिकाम्या हातानं गेले आणि ह्यांना कळलं, तर मेल्यावरही ऐकवतील. मी आईभवानीला म्हटलं, नऊ दिवस तुझं सगळं पाळलंय, आता तू माझं बघ.

आणि दोराला असा हिसका बसला की मी गुडघ्यावर आपटले.

बोटवाला हात पुढे करत होता. मी ओरडले, "सोड! माझा आहे!" मराठीत ओरडले, पण त्याला कळलं. तंगूस बोटांत रुतला, रक्त आलं, मी सोडला नाही. मासा पळायचा, मी ढील द्यायची, मग पुन्हा ओढायची. शेवटी चांदीसारखं लखलखीत ते धूड बोटीत येऊन आपटलं तेव्हा भाभी मळमळ विसरून उभी राहिली. "या अल्ला! अगो, ही तं माझ्या धाकटीएवढी हाय!"

मी रडले. हो, रडले. लाज कसली त्यात?

संध्याकाळी हे कामावरून आले. सुरमई अजून गाडीच्या डिकीत बर्फावर होती. भाभी मुलं यायच्या वेळेला घरी गेली होती आणि मी एकटीनं ती वर नेऊ शकत नव्हते, म्हणून ह्यांना खाली बोलावलं. डिकी उघडली तर हे बघतच राहिले. "अगं, खरंच तू?" म्हणाले, आणि मला वाटलं, झालं, माझं सोनं झालं. ह्यांनी मासा उचलून खांद्यावर घेतला. मागे मी, बोटांना चिंधी बांधलेली, हातात पिशवी.

जिन्याशीच दोन मित्र भेटले. "अरे बापरे! आज दांडी मारलीस काय? कुठे लागली?"

"कंतबच्या पुढे," हे म्हणाले.

बस. खोटं एक अक्षर नाही बोलले! खरंही नाही बोलले. मित्रांनी पाठ थोपटली, फोटो काढले. "म्हणजे पुढचा दिवस तुझा!"

"मासा मी धरलाय," मी मागून म्हटलं.

"वहिनी पण ना!" म्हणून ते हसले. हेही हसले.

घरात आल्यावर मी फाडफाड बोलले. हे मान खाली घालून म्हणाले, "अगं, हसतील मला. सांगू पुढे कधीतरी. वर्ष आहे अजून."

मी वर्षभर वाट बघितली. मूर्खच मी. पुढचा ऑक्टोबर आला, चौघं आमच्या हॉलमध्ये जमले. भाभीच्या मिस्टरांना तिनं तेव्हाच सगळं सांगितलं होतं, पण तो गृहस्थ चहात बिस्कीट बुडवत बसला. कुणीतरी म्हणालं, "सांग रे, दिवस तुझा. कधी जायचं?"

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी नीट बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. 'हिला विचारा.' एवढंच.

"पहिलाच शुक्रवार," हे म्हणाले. "गर्दीत मजा असते."

मी उरलेल्या चहाचा ट्रे तसाच हातात घेऊन, चपला घालून वर भाभीकडे गेले. हे मागून हाका मारत होते, मी वळले नाही. भाभीच्या स्वयंपाकघरातूनच बोटवाल्याला फोन लावला आणि मंगळवार सांगितला. "कितने आदमी?" त्यानं विचारलं.

"आदमी एकही नाही," मी म्हटलं. "आम्ही दोघी."