एक ट्रॉली खडी

खडीमावशीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. साडेपाचला ती रोपवाटिकेच्या फाटकाशी हजर, मी सहाला. ती रोपं सांभाळायची, मी खड्डे खणायचो. एकोणीस वर्षं आम्ही सोबत काम केलं. तिने खुरपं न धुता ठेवलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

खडीमावशी हे नाव मीच पाडलं. बाकी सगळ्या बाया घरच्या कुंड्यांसाठी शेणखत मागायच्या, ही खडी मागायची. घरामागे तिने चार हात लांब वाफा केला होता. निम्मी खडी, निम्मा मुरूम, खत चिमूटभरसुद्धा नाही. त्यात खाणीतलं फूल पेरलं होतं. त्याला पुस्तकात काहीतरी नाव असेल, आम्ही खाणीतलं फूलच म्हणायचो. पिवळं, कोटाच्या बटणाएवढं.

तिचा नवरा दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचा. परत येताना रिकाम्या डब्यातून ही फुलं आणायचा. तो खाणीतच गेला. पुढे खाण बंद पडली, राडारोडा टाकून बुजवायला घेतली. तेव्हा मावशी खाली उतरली आणि मूठभर बी घेऊन आली. ते फूल दुसरीकडे कुठे आम्ही पाहिलेलं नव्हतं.

"रोपच का नाही आणलंस उपटून?" मी विचारलं.

"उपटून बघ की! मूळ हातभर खाली जातं. तुटलं की संपलं."

"आणि फूल कधी?"

"तिसऱ्या वर्षी. आधी दोन वर्षं त्याचं खालीच काम चालतं. तुझ्यासारखं नाही, दोन खड्डे खणले की चहा."

दोन वर्षं जमिनीला चिकटलेली नुसती पानं आली. तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, तिच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. मी शेजारीच राहतो आणि नुकताच निवृत्त झालो होतो. जाताना तिने मला बजावलं, "शेळ्या तेवढ्या हाकल. बाकी काही करायचं नाही. पाणी तर अजिबात नाही. मला एकदा ते फुललेलं बघायचंय रे."

"काही करायचं नाही, हे काय काम झालं?"

"तेच तुला जमायचं नाही, पहिलवान."

पंधरा दिवस जमलं. मग पानं पिवळी पडली, करडी झाली, गळाली. वाफ्यात नुसती खडी उरली. मी जन्मभर घाम गाळून पोट भरलेलं. डोळ्यांदेखत काही मरतंय आणि आपण हात बांधून उभे, हे मला सोसेना. रोज संध्याकाळी दोन बादल्या घालू लागलो. नळ गल्लीच्या टोकाला, एकशे चाळीस पावलांवर. एक दिवस चुकवला नाही.

महिन्याने तिची मुलगी तिला घरी घेऊन आली. भिंत धरत धरत मावशी मागच्या दारी आली. खडी ओली होती. तिने बोटं खुपसून एक मूळ ओढलं. बोटभरच हाती आलं, काळं, मऊ. तिने ते हुंगलं.

"झोपलं होतं रे," ती म्हणाली. "उन्हाळ्यात वरचं वाळतं, खालचं झोपतं. तुला सांगायचं राहूनच गेलं."

मी दाराशी ठेवलेली बादली पायाने मागे सारली.

"किती घातलंस?"

"दोन बादल्या. रोज."

"टोकाच्या नळावरून?"

"हो."

"मेहनत केलीस," ती म्हणाली. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काडेपेटीत तिने चिमूटभर बी राखून ठेवलं होतं. ते माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "तीन वर्षं आहेत का तुझ्याकडे?"

मी हो म्हणालो. तिच्याकडे नव्हती. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी मुलीला तसं सांगितलं होतं, आणि मुलीचा चेहरा मावशीला वाचता येत होता.

चौथ्या दिवशी दारात ट्रॅक्टर थांबला. फुलं आली की वाफा वाढवायचा, म्हणून दवाखान्यात जाण्याआधीच तिने एक ट्रॉली खडी सांगून पैसे देऊन ठेवले होते. तो तिचा शेवटचा पगार. मी कुजका मुरूम काढला, कंबरभर खणलं, खडी चाळून भरली, बी पेरलं. ती खाटेवरून बघत होती. "बारीक काढून टाक, पाणी धरून ठेवते," एवढंच बोलली.

ती गेली तेव्हा रोपांना चार-चार पानं होती.

मी अजून रोज वाफ्याशी जाऊन बसतो. शेळ्या हाकलतो, बाकी काही करत नाही. इतकं जड काम मी आयुष्यात केलेलं नाही. पावणेपाचला उठून राबलेल्या बाईच्या कमाईतून शेवटी आली ती ही एक ट्रॉली खडी.