रिकाम्या तळघरात पाय कशाला लागला?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी. करते, विषय पर्माफ्रॉस्ट, म्हणजे बारमाही गोठलेली जमीन. भुतांना वेळ कुठून आणू?

गेल्या एप्रिलमध्ये फील्डवर्कसाठी अलास्काच्या पार उत्तर किनाऱ्यावरच्या एका गावात होते. तिथे जमिनीत खोल खणलेली तळघरं असतात... व्हेलचं मांस टिकवायचा पिढीजात फ्रीज. आता जमीनच वितळायला लागलीये, पाणी झिरपतं, मांस नासतं. मी ज्यांच्याकडे राहत होते त्या डोरा मावशींचं तळघर (मावशी मीच म्हणायला लागले, त्यांना आवडलं) त्यांच्या आजेसासऱ्यांनी खणलेलं. ते टिकणार की बुजवायचं, हे मी तिथे बसवलेल्या तापमानाच्या सेन्सरच्या रीडिंगवर ठरणार होतं.

त्या सकाळी मावशींनी तळघर रिकामं केलं, घासलं, तळाशी ताजा बर्फ पसरला. शिकारीच्या मोसमाआधीची रीतच ती. "जागा स्वच्छ असेल तरच व्हेल आपल्याकडे येतो," त्या म्हणाल्या. मी मनात हसले. दुपारी शेवटचं रीडिंग घ्यायला एकटीच खाली उतरले. हेल्मेट वरच राहिलं — पाच मिनिटांचं तर काम.

सेन्सरकडे जाताना पाय कशाला तरी लागला. मऊसं काहीतरी. सवयीने लगेच वाकले, हात लावला, कपाळाला नेला. हाताला चक्क कोमट लागलं... आणि एका पावलावर, जिथे मी एव्हाना पोचले असते, तिथे छताचा भलामोठा तुकडा धाडकन कोसळला.

टॉर्च फिरवला. पाय लागला तिथे बर्फावर माझ्या बुटांचे ठसे आणि माझ्या पाच बोटांची खूण. बाकी काही नाही.

वर आले आणि मावशींना सगळं सांगितलं. मावशींनी माझ्या कपाळावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि खो-खो हसत सुटल्या.

"व्हेलचं तेल. ताजं."

"पण तुम्ही तर सगळं घासलंत ना?"

"म्हणून तर तो बघायला आला."

रूममेटला फोन केला. "अगं, जुनं तेल राहिलं असेल कुठेतरी, कोइन्सिडन्स आहे यार," ती म्हणाली. असेलही. पण कोमट?

तळघर मात्र गेलं. दुसऱ्या दिवशी बुजवायच्या आधी मावशी म्हणाल्या, "ते तुझं, पाय लागल्यावरचं, कसं करतात, दाखव." मी दाखवलं. सत्तरी ओलांडलेल्या मावशी गुडघ्यांवर बसल्या, तळघराच्या तोंडाशी हात टेकवून कपाळाला लावला आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मला रडू आलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाच्या बोटीला व्हेल मिळाला. सगळं गाव नाचलं, मीही नाचले.

रिपोर्टमध्ये लिहिलं: छत कोसळलं, इजा नाही. "इजा का टळली?" या रकान्यासमोर मात्र मी अजून बसलेली आहे.